एक किडनी दिली, तर पुढे काय?

आम्ही सीताबर्डीला राहतो. मोरभवनचा बसस्टँड आमच्या घरापासून जवळ आहे. शाळा सुटली, पेन्शन सुरू झाली, तरी गावाकडची माणसे आम्हांला विसरली नाहीत. कोणी कचेरीच्या कामाला येतो, कोणी दवाखान्याच्या. बसमधून उतरला की आधी आमच्या घरी येतो. कागद पुढे करतो आणि म्हणतो, "गुरुजी, यात काय लिवलं हाये ते सांगा." आम्ही वाचून दाखवतो. पाणी पिऊन तो पुढे जातो.

चार वर्षांपूर्वी अशाच एक बाई आल्या. काटोलच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. वय बावन्न. सोबत मुलगा होता. तो आमचाच जुना विद्यार्थी. वय एकतीस. त्याचे पाय सुजले होते. चेहरा निस्तेज झाला होता. हातात कागदांनी भरलेली पिशवी होती. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा त्याला डायलिसिससाठी नागपूरला यावे लागे.

बाई खाली बसल्या. पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "गुरुजी, माह्या लेकाले मी माही किडनी देतो. पर मले एक सांगा. एक किडनी देल्यावर मी किती जगन? वावरात निंदाले जाता येईन का? का मीच घरच्याईले ओझं होईन?"

प्रश्न सरळ होता. पण आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. मुलांना गणित शिकवले, भूगोल शिकवला. हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. मग आम्ही त्या मायलेकांबरोबर डॉक्टरांकडे गेलो. जे समजले नाही ते पुन्हा पुन्हा विचारले. घरी येऊन वहीत लिहून ठेवले. पुढे आणखी वाचले. तीच वही समोर ठेवून हा धडा लिहीत आहोत. उद्या असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. तेव्हा हे माहीत असलेले बरे.

मूत्रपिंडाचे काम

किडनी म्हणजे मूत्रपिंड. काही लोक गुर्दाही म्हणतात. आपल्या शरीरात दोन मूत्रपिंडे असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड. एक मूत्रपिंड आपल्या मुठीएवढे असते. आकार वालाच्या दाण्यासारखा.

रक्त गाळणे हे त्याचे काम. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात दोन्ही मूत्रपिंडे मिळून सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. म्हणजे दहा-बारा घागरी. त्यातले कामाचे बहुतेक सारे पाणी पुन्हा रक्तात जाते. उरलेले दीड-दोन लिटर घाण घेऊन लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि नवे रक्त तयार करायला मदत करणे, हीसुद्धा त्याचीच कामे.

मूत्रपिंडे का बिघडतात? मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही मोठी कारणे. मुतखडा वर्षानुवर्षे अंगावर काढला तरी बिघडतात. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज खाल्ल्या तरी बिघडतात. काही आजार घराण्यातूनही येतात. वाईट गोष्ट अशी, की बराच काळ काही दुखत नाही, खुपत नाही. निम्म्याहून अधिक नुकसान होईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही.

पण एक चांगली गोष्टही आहे. देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, ह्या कामाला बैल दोन दिले आहेत. पण गाडी एका बैलावरही चालते. काही माणसे जन्मतःच एका मूत्रपिंडाची असतात आणि आयुष्यभर त्यांना ते कळतही नाही. म्हणूनच जिवंत माणूस आपले एक मूत्रपिंड दुसऱ्याला देऊ शकतो.

दोन वाटा

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, की दोन वाटा उरतात. पहिली वाट डायलिसिसची. रोग्याचे रक्त नळीने यंत्रात नेतात, तिथे साफ करतात आणि परत शरीरात सोडतात. बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. माणूस जगतो, पण यंत्राशी बांधला जातो. मूत्रपिंड रात्रंदिवस काम करते. यंत्र आठवड्यातले बाराच तास काम करते. दोघांत फरक राहणारच.

दुसरी वाट प्रत्यारोपणाची. आपण धानाचे रोप एका जागचे काढून दुसऱ्या जागी लावतो, तसेच हे. मृत्यू पावलेल्या माणसाच्या घरच्यांनी संमती दिली, तर त्याचे मूत्रपिंड मिळू शकते. त्यासाठी नागपुरात विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. तिथे नावांची यादी असते. पण यादी लांब आणि मिळणारी मूत्रपिंडे थोडी. म्हणून आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत माणसांकडून, म्हणजे घरच्यांकडूनच मिळतात.

ही विद्या कशी आली

मूत्रपिंड बसवायचे म्हणजे रक्ताच्या नळ्या एकमेकींना शिवायच्या. रक्त गळता कामा नये आणि आत गोठताही कामा नये. हे काम फ्रान्स देशातल्या अलेक्सी कॅरेल नावाच्या डॉक्टरने साध्य केले. १९०२ साली त्याने नळ्या शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. बारीक टाके घालायला तो एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून शिकला, असे सांगतात. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बाईच्या हातची सुई डॉक्टरच्या हाती गेली आणि त्यातून पुढे हजारोंचे प्राण वाचले.

तरीही एक अडचण उरली. गावात परका माणूस शिरला की कोतवाल त्याला हटकतो. आपल्या शरीरातही असा कोतवाल आहे. बाहेरचे काही आत आले, की तो त्यावर तुटून पडतो. रोगजंतूंना तो मारतो, हे चांगलेच. पण दुसऱ्याच्या मूत्रपिंडालाही तो शत्रूच समजतो.

ही अडचण पहिल्यांदा टळली ती जुळ्या भावांमुळे. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी डॉक्टर जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. दोघे अगदी एकसारखे जुळे. म्हणून रिचर्डच्या शरीराला ते मूत्रपिंड परके वाटले नाही. मरणाच्या दारी असलेला रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला. त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या.

आणि देणाऱ्या रोनाल्डचे काय झाले? तो गणिताचा मास्तर झाला. शेतीही केली. मूत्रपिंड दिल्यावर तो ५६ वर्षे जगला आणि २०१० साली वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. आम्ही हे बाईंना सांगितले, तेव्हा त्या थोड्या हसल्या. म्हणाल्या, "मास्तर व्हता म्हणा की तो!"

जुळा भाऊ सगळ्यांना कुठून असणार? म्हणून कोतवालाला शांत ठेवणारी औषधे शोधावी लागली. ती कुठे सापडली असतील? मातीत. नॉर्वे देशातल्या मातीत एक बुरशी मिळाली. तिच्यापासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले. त्याचा हा गुण १९७२ साली ध्यानात आला. पुढे १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतून टॅक्रोलिमस निघाले. आज बहुतेक रोग्यांना हेच देतात. मातीत काय काय दडले आहे, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे!

आपल्या देशात १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलात पहिला प्रयत्न झाला. तेव्हा यश आले नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले. आपल्या नागपुरात सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात २०१६ साली हे काम सुरू झाले. खाजगी हॉस्पिटलांतही होते. म्हणजे आता त्यासाठी मुंबई-मद्रास गाठायला नको.

देणार कोण?

मूत्रपिंड देण्याघेण्यासाठी आपल्या देशात १९९४ सालचा कायदा आहे. २०११ साली त्यात सुधारणा झाली. कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक देऊ शकतात. म्हणजे नवरा किंवा बायको, आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे. देणारा अठरा वर्षांच्या वरचा हवा. दुसरे कोणी केवळ प्रेमापोटी द्यायचे म्हणत असेल, तर समितीपुढे जावे लागते. समिती खात्री करते, की मागे पैशाचा व्यवहार नाही.

कारण मूत्रपिंड विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. विकणारा, घेणारा आणि दलाल तिघेही गुन्हेगार. शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड. कर्जापायी माणूस गांजतो. मग कोणी गोड बोलून म्हणतो, "एक किडनी दे, कर्ज फिटेल." मंडळी, अशा माणसाला दारात उभे करू नका. ठरलेले पैसे हाती येतील याचा भरवसा नाही. शरीर मात्र कायमचे उणे होते आणि पुढे विचारपूस करायलाही कोणी येत नाही.

नाते असले म्हणजे झाले, असेही नाही. देणाऱ्याच्या पुष्कळ तपासण्या होतात. रक्तगट, साखर, रक्तदाब, लघवी, छाती, हृदय, दोन्ही मूत्रपिंडांची शक्ती, रक्ताच्या नळ्यांचे चित्र. मधुमेह असेल, रक्तदाब फार असेल, मूत्रपिंडात दोष असेल, तर डॉक्टर नको म्हणतात. त्यांचा एक नियम आम्हांला फार आवडला. दोन मूत्रपिंडांपैकी एक चांगले आणि एक जरा कमी असेल, तर चांगले मूत्रपिंड देणाऱ्याकडेच ठेवायचे.

रक्तगट जुळला नाही, तर? आता औषधे देऊन तसेही प्रत्यारोपण करतात. पण खर्च वाढतो. दुसरा उपाय अदलाबदलीचा. समजा, एका घरातल्या बायकोचे मूत्रपिंड नवऱ्याला चालत नाही. दुसऱ्या घरीही तीच अडचण. पण पहिलीचे दुसऱ्या घरच्या रोग्याला चालते आणि दुसरीचे पहिल्या घरच्या. मग दोन्ही घरे अदलाबदल करू शकतात. कायद्याने त्याला परवानगी आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी दोघी तयार होत्या. आई आणि बायको. बायको सव्वीस वर्षांची, पदरी एक लहान मूल. डॉक्टरांनी दोघींना वेगवेगळे आत बोलावले. घरचे कोणी जवळ नसताना विचारले, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? मनात नसेल तर आम्हांला सांगा. तपासणीत जमले नाही, एवढेच आम्ही बाहेर सांगू." हे ऐकून आम्हांला बरे वाटले. दान हे मनापासून हवे. धाकाने दिले ते दान नव्हे.

सून अजून तरुण होती. पुढे आणखी मूल व्हावे, असे तिच्या मनात होते. तिच्यापुढे सारे आयुष्य पडले होते. बाईंची साखर, रक्तदाब, मूत्रपिंडे सारे ठीक निघाले. रक्तगटही जुळला. शेवटी आईनेच द्यायचे ठरले.

ऑपरेशन कसे करतात

दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत घेतात. दोघांनाही पूर्ण भूल देतात.

देणाऱ्याचे मूत्रपिंड काढायची जुनी रीत अशी. कुशीत वीतभर लांब काप घ्यायचा. कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. काम चांगले होई. पण दुखणे फार. जखम भरायला वेळ लागे. पुष्कळ लोक ह्या भीतीनेच मागे सरत.

१९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहरी नवी रीत निघाली. ती दुर्बिणीची. पोटावर तीन-चार बारीक भोके पाडतात. आत वायू भरून पोट फुगवतात, म्हणजे काम करायला जागा होते. एका भोकातून दुर्बीण आत घालतात. आतले सारे पडद्यावर मोठे दिसते. बाकीच्या भोकांतून लांब अवजारे घालून मूत्रपिंड मोकळे करतात. शेवटी बेंबीच्या खाली चार बोटांचा काप घेऊन ते बाहेर काढतात. दुखणे कमी, व्रण लहान. तीन-चार दिवसांत माणूस घरी जातो. क्वचित मध्येच रक्तस्राव झाला, तर जुन्या रीतीने पोट उघडावे लागते. ते डॉक्टर आधीच सांगून ठेवतात.

बहुधा डावे मूत्रपिंड काढतात. का? डाव्या बाजूची रक्ताची शीर उजवीपेक्षा लांब असते. लांब शीर शिवायला सोपी. दोरीला लांबी असली की गाठ नीट बसते, तसेच.

बाहेर काढलेले मूत्रपिंड लगेच गार औषधी पाण्याने धुतात आणि बर्फात ठेवतात. मग ते दुसऱ्या खोलीत नेतात.

आता घेणाऱ्याकडे पाहू. पुष्कळांना वाटते, की जुनी मूत्रपिंडे काढून त्या जागी नवे बसवतात. तसे नाही. जुनी दोन बहुधा तिथेच राहू देतात. नवे मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजवीकडे, जांघेच्या वर बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात. नव्याची शीर तिथल्या शिरेला शिवतात, धमनी धमनीला शिवतात. लघवीची नळी मूत्राशयाला जोडतात. त्या जोडात एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात आणि काही आठवड्यांनी काढून घेतात. ती काढायला विसरू नये. ठरल्या तारखेला जावेच.

सारे शिवून झाले की चिमटे सोडतात. रक्त आत शिरते. फिकट पडलेले मूत्रपिंड गुलाबी होते. आणि जिवंत माणसाचे असेल, तर पुष्कळदा तिथेच, टेबलावरच, लघवीचे थेंब येऊ लागतात. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षे हे काम करतो, पण तो पहिला थेंब पाहताना अजून छाती धडधडते."

देणाऱ्याचे पुढे काय होते

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. ह्यात आम्हांला काही लपवायचे नाही. दान मोठे आहे. पण त्यात धोका नाही, असे म्हणणे खोटे होईल.

पहिला धोका ऑपरेशनचा. अमेरिकेत ८० हजारांवर दात्यांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर दहा हजारांत सुमारे तीन दाते ऑपरेशननंतर तीन महिन्यांत दगावले, असे दिसले. २०२४ साली नवी पाहणी आली. तिच्यात हा आकडा दहा हजारांत एकाच्याही खाली आला आहे. रक्तस्राव, जखम चिघळणे, काही दिवसांनी अंतर्गळ होणे, असे त्रास काहींना होतात. म्हणून पहिले सहा आठवडे तरी जड ओझे उचलू नये. घागर नको, पोते नको, भारा नको.

दुसरा प्रश्न शक्तीचा. एक मूत्रपिंड गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली का? पहिल्या दिवशी निम्मीच होते. पण उरलेले मूत्रपिंड हळूहळू वाढते आणि जास्त काम करू लागते. काही दिवसांत रुपयातले सत्तर पैसे काम ते एकटेच करते. रोजच्या जगण्याला एवढे पुरते. शेतीचे कामही करता येते.

तिसरा प्रश्न लांबच्या काळाचा. देणाऱ्याचे उरलेले मूत्रपिंड पुढे बिघडले, तर? अमेरिकेतल्या २०१४ सालच्या एका पाहणीचा हिशेब असा. दात्यांइकेच निरोगी, पण मूत्रपिंड न दिलेले दहा हजार लोक घ्या. त्यांच्यापैकी साऱ्या आयुष्यात चौदा जणांची मूत्रपिंडे निकामी होतील. दान केलेले दहा हजार घ्या. त्यांच्यापैकी नव्वद. आणि आजारी-निरोगी असे सरसकट दहा हजार लोक घेतले, तर सव्वातीनशे. म्हणजे दान केल्याने धोका वाढतो, हे खरे. पण मुळात निवडून घेतलेली निरोगी माणसेच दान करतात. म्हणून त्यांचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा कमीच राहतो. दहा हजारांपैकी नऊ हजार नऊशे दहा जणांवर ही वेळ येत नाही.

चौथी गोष्ट बायकांसाठी. दान केल्यावर दिवस गेले, तर रक्तदाब वाढण्याचा संभव जास्त असतो. कॅनडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर गरोदर दात्यांपैकी अकराजणींना हा त्रास झाला. दान न केलेल्या निरोगी बायकांत पाचजणींना झाला. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप झाली. तरी जिला अजून मूल हवे आहे, तिने हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

म्हणून देणाऱ्याने काही पथ्ये जन्मभर पाळावीत. वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासावा. मीठ बेताने खावे. वजन वाढू देऊ नये. खर्रा, तंबाखू, बिडी सोडावी. उन्हाळ्यात वावरात जाताना पाणी सोबत न्यावे. अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने आणून खाऊ नये. आता राखीव बैल नाही. आहे त्याला जपायचे.

घेणाऱ्याचे पुढे काय होते

घेणाऱ्याला वाटते, ऑपरेशन झाले आणि आजार संपला. इथेच चूक होते. खरे काम तिथून सुरू होते.

कोतवालाला शांत ठेवणारी औषधे रोज घ्यावी लागतात. ठरल्या वेळेला. मूत्रपिंड काम करते आहे तोवर, म्हणजे जन्मभरच. एखादे मूत्रपिंड पाच वर्षे चांगले चालले, म्हणून शरीराने त्याला आपले मानले असे नाही. औषध बंद झाले, की कोतवाल जागा होतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. बहिणीने त्यांना मूत्रपिंड दिले होते. तीन वर्षे प्रकृती ठणठणीत. मग त्यांना वाटले, आता बरे आहे, महिन्याचा औषधाचा खर्च कशाला? घरात न सांगता गोळ्या निम्म्या केल्या. पुढे पुढे बंदच केल्या. दुखले काहीच नाही. तपासणीला गेले, तेव्हा मूत्रपिंड गेलेले होते. पुन्हा डायलिसिस सुरू झाले. ते आमच्यापाशी रडले. म्हणाले, "गुरुजी, माझे गेले त्याचे एवढे नाही. बहिणीचे वाया घालवले."

हे टाळायचे, तर रक्ताची तपासणी चुकवू नये. क्रिएटिनिन नावाचा आकडा असतो. तो वाढला की समजावे, आत काही बिघडते आहे. वेळेवर कळले, तर पुष्कळदा उपाय होतो.

कोतवाल गुंगीत असला, की चोराला फावते. म्हणून ह्या रोग्यांना जंतूंचे आजार लवकर होतात. क्षयसुद्धा होऊ शकतो. ताप आला तर घरी काढा घेत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पाणी उकळून प्यावे. औषधांमुळे काहींची साखर आणि रक्तदाब वाढतो. त्यावरही लक्ष हवे. पपनस आणि त्याच्या जातीचे ग्रेपफ्रूट हे फळ खाऊ नये. त्याने औषधाचा जोर रक्तात वाढतो. आपल्याकडच्या संत्र्याची गोष्ट वेगळी. पण किती खावे, ते डॉक्टरांना विचारावे. जडीबुटी तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

इतके सांभाळले, तर फळ काय? जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवल्यावर चांगल्या ठिकाणी शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक मूत्रपिंडे वर्षानंतर नीट चालू असतात. किती वर्षे टिकते? अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की १९९५ ते १९९९ या काळात बसवलेल्या जिवंत दात्यांच्या मूत्रपिंडांपैकी निम्मी बारा वर्षांच्या पुढे टिकली. २०१४ ते २०१७ या काळात बसवलेल्यांचा अंदाज एकोणीस वर्षांचा आहे. मृत दात्याचे सुमारे बारा वर्षांचे. कोणाचे तीस वर्षे चालते, कोणाचे पाचच. मूत्रपिंड थकले, तर पुन्हा डायलिसिस आहे, दुसरे प्रत्यारोपणही आहे. कायमची सुटका नव्हे. पण उमेदीची पंधरा-वीस वर्षे मिळणे ही लहान गोष्ट नाही. तेवढ्यात लेकरू शाळा संपवून कमावते होते.

पैशाचे काय?

खर्च मोठा असतो, हे खरे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते. २०२३ साली शासनाने त्यासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. कोणाला पैसे देण्यापूर्वी भेटावे. आणि एक विचारायला विसरू नये : "ऑपरेशननंतरच्या औषधांचे काय?" कारण ऑपरेशनचा खर्च एकदाचा. औषधाचा खर्च दर महिन्याचा.

एक गोष्ट मनाला लागते

आपल्या देशातले आकडे पाहिले, तर देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. घरची बाई आजारी पडली, तर किती पुरुष पुढे होतात? "कमावता माणूस आहे, त्याला कसे कापायचे?" असे म्हणतात. पण बाई कमावत नाही का? निंदण, वेचणी, पाणी, चूल, लेकरे हे सारे कोण करते? एका मूत्रपिंडावर बाई वावरात काम करू शकते, तर पुरुषही करू शकतो. शरीर दोघांचे सारखेच. ज्याने त्याने ह्याचा विचार करावा.

दुसरे असे, की ऑपरेशननंतर सारे घर रोग्याभोवती जमते. देणारी आई चौथ्या दिवशी घरी येते आणि आठव्या दिवशी तिच्यापुढे कोणी घागर ठेवतो. असे करू नका. त्या घरात त्या वेळी दोन रोगी आहेत. दोघांनाही विसावा हवा.

बाईंचे उत्तर

बाईंनी मूत्रपिंड दिले, त्याला आता चार वर्षे होतील. पहिले दोन महिने सुनेने त्यांना ओझे उचलू दिले नाही. तिसऱ्या महिन्यात त्या निंदणाला गेल्या. मुलगा आता एका दुकानात हिशेब लिहितो. सकाळी आठ आणि रात्री आठ, मोबाईलची घंटा वाजली की गोळी घेतो.

दर वर्षी दिवाळीनंतर बाई तपासणीला येतात. मोरभवनला उतरून आमच्याकडे येतात. यंदा संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. कागद पुढे केला. आता त्या साक्षरतेच्या वर्गाला जातात. आकडे त्यांना वाचता येतात. बोट ठेवून त्यांनी स्वतःच रक्तदाबाचा आकडा वाचला. मग विचारले, "बराबर हाये ना गुरुजी?"

आकडा बरोबर होता. आम्ही तसे सांगितले. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि परतीची बस गाठायला उठल्या. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जायचे होते.

एवढे ध्यानात ठेवा

१. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर काम करून जगू शकतो.

२. दान स्वखुशीने करावे. विकणे आणि विकत घेणे गुन्हा आहे.

३. "नाही" म्हणण्याचा हक्क देणाऱ्याला शेवटपर्यंत आहे.

४. घेणाऱ्याने औषध एक दिवसही चुकवू नये.

५. देणाऱ्याने वर्षातून एकदा तपासणी करावी. बरे वाटत असले, तरी करावी.

६. मधुमेह आणि रक्तदाब वेळीच ताब्यात ठेवले, तर पुष्कळांवर ही पाळीच येत नाही.